टीमला उत्साहच नाही, मॅनेजरने करायचं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात म्हटलं होतं की बॉसबद्दलच्या तक्रारी यावेळी बाजूला ठेवू आणि ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांचे प्रश्न घेऊ. भरपूर पत्रं आली. नावं आणि कंपन्या काढल्यात, काही पत्रं लांब होती ती कापलीत, बाकी भाषा तुमचीच आहे.

प्रश्न : ताई, मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये टीम लीड आहे, नऊ जणांची टीम. काम होतं, डेडलाइन पाळतात, पण सांगितलं तेवढंच. स्वतःहून कोणी काही सुचवत नाही, मीटिंगमध्ये सगळे म्यूट. आउटिंग करून पाहिलं, 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' सुरू केलं, गिफ्ट व्हाउचर दिले. थोडे दिवस बरं चालतं मग परत जैसे थे. यांना मोटिव्हेट करू तरी कसं?

आधी मला एक सांगा, तुमच्या टीममध्ये शेवटचं कोणी काय सुचवलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं? आठवत नसेल तर उत्तर बहुतेक तिथेच आहे. माणूस पहिल्या नोकरीत, पहिल्या महिन्यात खूप काही सुचवतो. मग 'बघू', 'वरून परवानगी लागेल', 'आत्ता नको, रिलीज आहे' असं दोन-चारदा ऐकलं की तो गप्प बसतो, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही, ज्याचा उपयोग नाही ते कशाला करायचं.

व्हाउचर आणि आउटिंगचं म्हणाल तर ते वाईट नाही, टीमने मजा करावी, पण त्याने कामाची ओढ वाढेल ही अपेक्षा चुकीची आहे. १९७१ साली एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली होती. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक सुटलेल्या कोड्यामागे पैसे दिले आणि नंतरच्या सत्रात ते बंद केले. मग मोकळ्या वेळात कोण आपणहून कोड्यांशी खेळतंय ते पाहिलं, तर ज्यांना पैसे मिळाले होते त्यांची ओढ कमी झालेली दिसली. आणि ज्यांना नुसतं 'छान केलंस' म्हटलं होतं त्यांच्या बाबतीत तसं झालं नाही. पुढे १९९९ मध्ये डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे १२८ प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हाही चित्र साधारण हेच होतं, की 'हे कर मग ते मिळेल' असं आधी ठरवून दिलेलं बक्षीस मुळातच आवडणाऱ्या कामातली गोडी कमी करतं. आता कोडी म्हणजे नोकरी नव्हे हे खरंय, पण तुमचं व्हाउचर का विरून जातं हे यातून कळतं.

आणि 'महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी' तर बंदच करा असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ जणांत एकाला टाळ्या मिळतात आणि आठ जण दर महिन्याला मनात हिशोब करत बसतात की याने असं काय केलं. शेवटी मॅनेजर आळीपाळीने नाव लावायला लागतो, आणि सगळ्यांना ते कळतं.

मग करायचं काय? टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या दोन संशोधकांनी ७ कंपन्यांमधल्या २३८ लोकांकडून रोज संध्याकाळी छोटी डायरी लिहून घेतली, सुमारे १२ हजार नोंदी जमल्या, त्या वाचून काढल्या. ज्या दिवशी माणूस खुश आणि जोमात होता त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळा काय घडलं होतं, तर काम पुढे सरकलं होतं. थोडंसंच का असेना, पण ज्या कामाला अर्थ आहे असं वाटतं ते काम पुढे गेलं होतं. आणि वाईट दिवसांत काय, तर काम अडलं होतं किंवा मागे गेलं होतं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी साडेसहाशेहून जास्त मॅनेजरना विचारलं की माणसांना उत्साह कशाने येतो, पाच पर्याय दिले, तर 'काम पुढे सरकायला मदत' हा पर्याय शेवटच्या नंबरवर गेला. म्हणजे जे सगळ्यात जास्त चालतं तेच आपल्या डोक्यात सगळ्यात शेवटी येतं.

म्हणून पुढच्या आठवड्यापासून प्रत्येकाशी वेगळं, अर्धा तास बोला. स्टेटस विचारायला नाही, ते टिकेटमध्ये, म्हणजे कामाच्या ऑनलाइन नोंदीत, दिसतंच. विचारा की या आठवड्यात तुझं काम कुठे अडलं, कोणामुळे अडलं, आणि त्यातलं मी काय सोडवू शकतो. पहिल्या वेळी 'सगळं ठीक आहे' असंच उत्तर येईल, धीर धरा, लोक आधी अंदाज घेतात. कोणी काहीतरी छोटं सांगेल, की अमुक सर्व्हरचा ॲक्सेस मागून तीन आठवडे झाले, किंवा तमुक रिपोर्ट दोनदा भरावा लागतो आणि तो वाचत कोणीच नाही. ते छोटं काम त्याच आठवड्यात करून टाका. अगदी फोन करून, मागे लागून, गरज पडली तर वरच्याशी वाद घालून. आणि नाही जमलं तर का नाही जमलं ते सांगा. एवढं दोन-तीन वेळा झालं की दुसरा माणूस बोलेल, मग तिसरा. म्यूट असेच उघडतात, 'बोला ना, बोला' म्हणून उघडत नाहीत.

ही अर्ध्या तासाची भेट कॅन्सल करू नका. क्लायंटचा कॉल आला की सगळ्यात आधी हीच उडते, आणि समोरच्याला आपली जागा कुठे आहे ते बरोबर समजतं.

प्रश्न : मी शिफ्ट सुपरवायझर आहे. माझी पोरं चांगली आहेत, मेहनती आहेत. पण सगळ्यांचं म्हणणं एकच की पगार वाढवा. तो माझ्या हातात नाही. 'मोटिव्हेशन पैशाने येत नाही' असं ट्रेनिंगमध्ये सांगतात, ते मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

सांगूच नका. पगार कमी असताना वरून असं भाषण दिलं तर तो अपमान आहे, आणि तुम्हाला हे आतून कळतंय म्हणूनच तुम्ही लिहिलंय.

ट्रेनिंगमध्ये जे सांगतात त्याचं मूळ बहुतेक फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या कामात आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याने सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं होतं, की नोकरीत तुम्हाला खूप चांगलं कधी वाटलं आणि खूप वाईट कधी वाटलं. चांगल्या आठवणींत यश, कौतुक, जबाबदारी, कामाचं स्वरूप हे जास्त आलं, आणि वाईट आठवणींत कंपनीचे नियम, साहेबाची वागणूक, पगार, कामाची जागा. त्यावरून तो म्हणाला की पगार वगैरे नीट असला तर नाराजी जाते, पण त्यानेच उत्साह येतो असं नाही. यावर टीकाही भरपूर झाली, की माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःला घेतो आणि वाईटाचं खापर दुसऱ्यावर फोडतो, तर उत्तरं अशी येणारच. पण तो वाद सोडा. हर्झबर्गचं म्हणणं जसंच्या तसं धरलं तरी त्यातून 'पगार महत्त्वाचा नाही' असं निघत नाही, उलट निघतं असं की पगार नीट नसेल तर नाराजी राहणारच, तिथे सर्टिफिकेट देऊन भागत नाही. ट्रेनिंगवाले अर्धंच सांगतात.

तुमच्या हातात काय आहे ते बघू. एक तर खरं बोलणं. 'पगार मी ठरवत नाही, मी तुमचं म्हणणं लेखी वर पाठवतो, उत्तर काय येईल माहीत नाही, आलं की त्याच दिवशी सांगीन.' आणि खरंच पाठवा, आकड्यांसकट, किती लोक सोडून गेले, नवीन माणूस तयार व्हायला किती दिवस लागले, त्या काळात किती माल रिजेक्ट झाला. वरच्यांना भावना कळत नसल्या तरी रिजेक्शन कळतं. फक्त 'दिवाळीपर्यंत होईल', 'पुढच्या वर्षी नक्की' असलं काही बोलू नका. वचन तुम्ही दिलं आणि मोडलं वरच्यांनी तरी पोरं तुमच्याकडेच बघणार.

दुसरं म्हणजे वाटप. माणूस नुसता आपला पगार बघत नाही, तो शेजारच्याकडे बघतो, मी एवढं करतो आणि मला एवढं मिळतं, तो तेवढं करतो त्याला किती. जे. स्टेसी ॲडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हेच मांडलं होतं पण खरं सांगायचं तर हे कुठल्याही शॉप फ्लोअरवर उभं राहिलं तरी दिसतं. पगार तुमच्या हातात नाही, पण ओव्हरटाइम कोणाला मिळतो, नाइट शिफ्ट कोणाच्या वाट्याला येते, सुट्टी कोणाची पास होते, नवीन मशीन कोणाला शिकायला मिळतं हे सगळं तुमच्या हातात आहे, आणि पोरांच्या घरच्या आयुष्यावर त्याचा परिणाम पगाराइतकाच होतो. शिफ्टचं वेळापत्रक आदल्या रात्री लागत असेल तर ते निदान दोन आठवडे आधी लावा. नियम काय आहे ते बोर्डवर लिहा आणि आपल्या लाडक्यासाठी तो मोडू नका. आणि मशीन शिकवा, जास्तीत जास्त पोरांना. शिकून एखादा दुसरीकडे जास्त पगारावर गेला तर जाऊ द्या, त्याचं भलं होईल.

प्रश्न : टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज सगळ्यांचं कौतुक करते, इमोजी टाकते. तरी फरक पडत नाही. कमी पडतंय का?

जास्त होतंय. रोज सगळ्यांना मिळणाऱ्या शाबासकीचं आठवड्याभरात 'गुड मॉर्निंग' होतं, लोक न वाचता अंगठा दाखवतात. कमी वेळा करा पण नेमकं करा. 'ग्रेट जॉब टीम' ऐवजी 'काल ग्राहक चिडलेला असताना तू आधी त्याचं सगळं ऐकून घेतलंस आणि मग बिलाची चूक दाखवलीस, म्हणून ते प्रकरण मिटलं'. हे वाचून त्या माणसाला कळतं की कोणीतरी खरंच बघितलं, आणि बाकीच्यांना कळतं की असं करतात.

आणखी एक, माणसाबद्दल नको, कामाबद्दल बोला. क्लूगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने अभ्यास गोळा केले, ६०० च्या वर निष्कर्ष होते, सरासरी फायदा दिसला पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅक दिल्यावर काम उलट बिघडलं होतं. त्यांचं म्हणणं असं की बोलणं कामावरून माणसाच्या 'मी'वर गेलं की गडबड होते, आणि ते कौतुकालाही लागू आहे. 'तू हुशार आहेस' ऐकल्यावर माणूस ती हुशारी जपायला लागतो. आणि काहींना ग्रुपवर नाव घेतलेलं आवडत नाही, त्यांना वेगळं सांगा.

प्रश्न : मी एका वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. मुली चुका लपवतात. औषधाची वेळ चुकली, डोस राहिला, तर शेवटपर्यंत कोणी बोलत नाही, मग मला डॉक्टरांकडून कळतं. मी रागावते असं त्यांचं म्हणणं. पण रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, रागावू नको तर काय करू?

सिस्टर, तुमचा राग रुग्णाच्या काळजीपोटी आहे हे तुमच्या पत्रातून दिसतं आणि ती काळजी कमी करा असं मी म्हणणारच नाही. पण त्या रागाने सध्या काय साधलं जातंय ते बघा. चूक होणं थांबलेलं नाही, फक्त ती तुमच्यापर्यंत यायची थांबली आहे. म्हणजे रुग्णासाठी धोका वाढला.

याच विषयावर एमी एडमंडसन या संशोधक बाईंचा अभ्यास आहे, १९९६ मध्ये छापून आला. त्यांनी हॉस्पिटलमधल्या नर्सिंग टीम्स पाहिल्या. अपेक्षा अशी होती की चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील. आकडे आले ते उलटे, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. आधी गोंधळच झाला. मग खोलात गेल्यावर दिसलं की तिथे चुका जास्त होत होत्या म्हणून आकडा मोठा नव्हता, तिथे लोक चूक झाली की सांगत होते. जिथे इन्चार्जची भीती होती तिथला कागद स्वच्छ होता. पुढे १९९९ मध्ये त्यांनी यालाच मानसिक सुरक्षितता असं नाव देऊन मांडलं, की टीममध्ये बोललो तर आपल्याला शिक्षा होणार नाही, कोणी हसणार नाही ही खात्री.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सगळं अवलंबून आहे ते पहिल्या अर्ध्या मिनिटावर. मुलगी येऊन सांगते, 'सिस्टर, सात नंबरच्या पेशंटचं अँटिबायोटिक राहिलं.' त्यावर तुमचं पहिलं वाक्य काय आहे? 'लक्ष कुठे होतं तुझं?' असेल तर ती परत येणार नाही, आणि मागे उभ्या असलेल्या दोघी पण येणार नाहीत, त्यांनीही ऐकलंय. पहिलं वाक्य असं ठरवूनच ठेवा, 'लगेच सांगितलंस ते बरं केलंस, चल, आधी पेशंट बघू, डॉक्टरांना कळवू.' हे मनापासून यायला सुरुवातीला जड जाईल पण सवयीने जमतं. पेशंट सुरक्षित झाला की मग बसून बोला, आणि तेव्हा 'कोणी केलं' पेक्षा 'कसं झालं' हे विचारा. हँडओव्हर घाईत झाला का, दोन औषधांची नावं सारखी आहेत का, एकटीकडे किती बेड होते, औषध काढताना कोणी मध्येच हाक मारली का. दहापैकी बऱ्याच वेळा असं काहीतरी सापडतं जे त्या मुलीच्या जागी दुसरी असती तरी घडलं असतं. ते दुरुस्त करा आणि सगळ्यांसमोर सांगा की अमुक सिस्टरने लगेच कळवलं म्हणून आपण ही पद्धत बदलली.

याचा अर्थ सगळं माफ असा नाही. कोणी मुद्दाम नियम मोडत असेल, किंवा चूक करून कागदावर खोटी सही करत असेल तर तिथे कडक व्हायलाच हवं, आणि हा फरक मुलींना आधीच स्पष्ट सांगून ठेवा. चूक सांगितली तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन, लपवली तर नाही. आणि मग खरंच उभ्या राहा, विशेषतः डॉक्टर सगळ्यांसमोर ओरडत असतील तेव्हा. मुली तुमची परीक्षा तिथे बघतात.

प्रश्न : टीम घरून काम करते. कोण खरंच काम करतंय कसं कळणार? मी ऑनलाइनचा हिरवा ठिपका बघतो, कोणी अर्धा तास पिवळं दिसलं की मेसेज टाकतो. बायको म्हणते हे बरोबर नाही. तुमचं मत?

बायकोशी सहमत आहे.

हिरव्या ठिपक्यावरून काम कळत नाही, माउस हलतोय एवढंच कळतं, आणि माउस हलवायची यंत्रंसुद्धा बाजारात मिळतात. तुम्ही ठिपका बघता हे टीमला नक्की माहीत आहे आणि ते आता ठिपक्यासाठी काम करतायत. विचार करायला, कागदावर आकृती काढायला, एखादा डॉक्युमेंट शांतपणे वाचायला जो वेळ लागतो तो सगळा पिवळा दिसतो, म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही या लोकांना घेतलंत तेच काम करायची त्यांना चोरी झाली.

गूगलने २००८ च्या सुमारास आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला होता, चांगला मॅनेजर नक्की काय वेगळं करतो म्हणून. त्या यादीत पहिलं होतं की तो चांगला कोच असतो आणि दुसरं हे की तो टीमला मोकळीक देतो, बारीकसारीक गोष्टीत नाक खुपसत नाही. टेक्निकल ज्ञान त्यात होतं, पण बरंच खाली.

सोमवारी प्रत्येकाशी ठरवा की शुक्रवारपर्यंत काय झालेलं असेल, 'झालं' म्हणजे नक्की काय हे पण ठरवा कारण नव्वद टक्के भांडणं तिथेच होतात, आणि दिवसातले दोन-तीन तास असे ठेवा की सगळे फोनवर भेटतील. मधला वेळ त्यांचा. कोणाचं काम शुक्रवारी झालं नाही तर मग बोला, आधी अडचण काय आली ते. एखाद्यावर खरोखर संशय असेल तर त्या एकाशी बोला, त्याच्यासाठी बाकी सगळ्यांवर पहारा नको.

प्रश्न : टीममधला एकजण काहीच करत नाही. जुना आहे, वरपर्यंत ओळखी आहेत. त्याचं काम बाकीचे उचलतात. मी बाकीच्यांना सांगतो की आपण टीम आहोत, सांभाळून घ्या. पण आता दोन चांगल्या मुलींनी नोटीस दिलीय.

तुम्ही 'सांभाळून घ्या' म्हणता तेव्हा त्यांना ऐकू येतं की इथे काम केलं काय आणि नाही केलं काय, सारखंच. मग त्या का थांबतील? इतरांना सपोर्ट करणं म्हणजे या एका माणसाशी बोलणं, बाकी कितीही गोड वागलात तरी हे राहिलं तर सगळं वाया.

त्याला एकट्याला बोलवा. आरोप नको, उदाहरणं हवीत, तारखेसकट, गेल्या महिन्यात ही तीन कामं तुमच्याकडे होती, ती अमुकने आणि तमुकने केली. मग गप्प बसा आणि ऐका. कधीकधी अशा माणसाला नवीन सिस्टीम येत नसते आणि या वयात विचारायची लाज वाटते, वर्षानुवर्षं तो ते ओळखींच्या आड झाकत असतो. तसं असेल तर शिकवायची सोय करा. तब्येतीचं किंवा घरचं काही असेल तर काम तात्पुरतं कमी करा पण उघडपणे, टीमला एवढंच सांगून की काही महिने असं वाटप राहील. आणि नुसती टाळाटाळ असेल तर काय हवं, कधीपर्यंत हवं ते लेखी द्या आणि एचआरला सोबत घ्या. ओळखी आहेत म्हणून तुम्ही गप्प बसलात तर टीमच्या नजरेत तुम्हीही त्या ओळखीतलेच.

आणि नोटीस दिलेल्या दोघींशी बोला. थांबा म्हणून गळ घालू नका, फक्त विचारा की काय झालं, आणि ऐकलेलं लिहून ठेवा.

प्रश्न : माझ्या टीममधली सगळ्यात चांगली मुलगी गेले दोन महिने अगदी शांत झालीय. आधी सगळ्यात पुढे असायची. आता काम वेळेत देते पण चेहरा उतरलेला, जेवायला पण सगळ्यांबरोबर येत नाही. विचारलं तर 'काही नाही सर'. मी पुरुष, ती तरुण मुलगी, जास्त विचारलं तर गैरसमज व्हायचा. सोडून देऊ का?

सोडू नका. तुम्हाला दिसलं हेच मोठं आहे, बऱ्याच साहेबांना राजीनामा टेबलवर आल्यावर दिसतं.

'काय झालंय तुला?' असं विचारलं तर 'काही नाही' हेच उत्तर येतं, कोणाकडूनही. तुम्ही जे पाहिलं ते सांगा आणि विषय कामापाशी ठेवा. 'गेले काही आठवडे तू मीटिंगमध्ये कमी बोलतेस असं मला जाणवलं. कामाचा भार जास्त झाला असेल तर तो कमी करणं माझं काम आहे. दुसरं काही असेल तर मला सांगायलाच हवं असं नाही.' बसायचं तर काचेच्या केबिनमध्ये, ऑफिसच्या वेळेत. यात गैरसमजाला जागा नाही, आणि तिला बोलायला दार उघडं राहतं. टीममध्ये एखादी सीनियर बाई असेल जिच्याशी तिचं जमतं तर तिच्याशी बोलू शकतेस असंही सुचवा, पण तिच्या पाठीमागे त्या बाईंना चौकशीला लावू नका.

आणि ती बोलायच्या आधीच तुम्ही एक काम करा, गेल्या सहा महिन्यांत तिच्याकडे काय काय दिलं त्याची यादी काढा. चांगल्या माणसाचं नेहमी हेच होतं. काम नीट होतं म्हणून अवघड काम तिच्याकडे, दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं तिच्याकडे, नवीन मुलाला शिकवायचं तिच्याकडे, रविवारचा फोन पण तिलाच. वर त्यातलं काहीच ठरवायचा अधिकार तिच्याकडे नाही. रॉबर्ट कारासेक या संशोधकाने १९७९ मध्ये दाखवलं होतं की नुसतं काम जास्त असण्यापेक्षा काम जास्त आणि त्यावर आपला ताबा कमी हे जे मिश्रण आहे ना, ते माणसाला सगळ्यात जास्त ताण देतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचं जे वर्णन केलं त्यातही तीन गोष्टी आहेत, पार थकून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागी खूप काळ चाललेला आणि नीट न हाताळलेला ताण यातून येणारी गोष्ट म्हटलंय. म्हणजे हाताळायची जबाबदारी कामाच्या जागेचीही आहे. तिला योगाच्या क्लासचं कूपन देऊन तीच यादी पुढे चालू ठेवली तर काही होणार नाही.

यादीतून दोन गोष्टी काढून घ्या, खरोखर काढा, दुसऱ्याला द्या किंवा बंद करा. आणि आधी तिला विचारा की कुठल्या दोन. कदाचित जे काम तुम्हाला अवघड वाटतं तेच तिला आवडत असेल आणि तेच तुम्ही काढून घ्याल, मग ती आणखीनच खचेल.

एक मर्यादा लक्षात ठेवा. तुम्ही डॉक्टर नाही. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, जगण्यात अर्थ वाटत नाही असलं काही तिच्या बोलण्यात आलं तर सल्ले देत बसू नका, शांतपणे ऐका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशकापर्यंत पोचायला मदत करा, सुट्टीची काळजी करू नकोस असं सांगा. जिवाला धोका वाटेल असं काही असेल तर तिला एकटं सोडू नका.

प्रश्न : सगळे म्हणतात मॅनेजरने टीमला सांभाळावं. मॅनेजरला कोण सांभाळणार? वरून टार्गेट, खालून तक्रारी. मी स्वतःच संपत आलोय.

तुमचं पत्र तीन ओळींचं होतं पण मी ते बऱ्याचदा वाचलं. हे खरंय की वरच्यांनी तुम्हाला जे द्यायला हवं तेच बहुतेक ठिकाणी दिलं जात नाही, आणि वर लिहिलेलं सगळं, अडथळे काढा, मोकळीक द्या, चूक ऐकून घ्या, हे तुमच्या साहेबाने तुमच्यासाठी करायला हवं. तो करत नसेल तर मागावं लागेल.

मागायची एक पद्धत सुचवते. तुमच्याकडच्या सगळ्या कामांची आणि टार्गेटची एक यादी करा, प्रत्येकापुढे किती माणसं आणि किती दिवस लागतात ते लिहा, बेरीज करा, आणि ती घेऊन साहेबांकडे जा. 'हे सगळं एवढ्या माणसांत होत नाही. यातलं आधी काय आणि राहिलं तर चालेल असं काय, ते तुम्ही सांगा.' 'मी थकलोय' म्हटलं तर 'सुट्टी घ्या' असं उत्तर येतं आणि परत आल्यावर डोंगर तेवढाच असतो. यादी समोर ठेवली की निवड त्यांना करावी लागते. ठरलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.

टीमपासून सगळं लपवू नका. वरचा प्रत्येक दट्ट्या आपल्या अंगावर झेलायचा आणि खाली हसतमुख राहायचं हे जास्त काळ कोणालाच जमत नाही, आणि टीमला तुमचा चेहरा दिसतोच. रडगाणं नको, पण 'या महिन्यात वरून हे आलंय, मला वाटतं आपल्याला एवढंच झेपेल, तुमचं काय म्हणणं' एवढं सांगता येतं. बऱ्याचदा त्यांच्याकडेच एखादा रिपोर्ट बंद करायची किंवा दोन मीटिंग एक करायची कल्पना असते जी तुम्हाला सुचलेली नसते. शिवाय तुमच्यासारखंच काम करणारा दुसऱ्या खात्यातला एखादा मॅनेजर शोधा, ज्याच्याशी स्पर्धा नाही, आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोला.

आणि यादी घेऊन दोन-तीनदा जाऊनही साहेब 'सगळंच आधी' म्हणत असतील, तर दुसरी नोकरी बघायला सुरुवात करा. त्यात टीमला सोडून गेलो असं वाटून घेऊ नका.

*(पुढच्या अंकासाठी विषय : नवीन माणूस टीममध्ये आल्यावरचे पहिले तीन महिने. मॅनेजर आणि नवीन रुजू झालेले, दोघांनीही लिहा. पत्र मोठं झालं तरी चालेल, कंपनीचं नाव नको.)*